सभाकंप: उभे राहिल्यावर पाय का लटपटतात आणि त्यावर काय करता येते

पाच-सहा जणांच्या घोळक्यात एखादा किस्सा हातवारे करून रंगवणाऱ्या माणसाला तोच किस्सा पन्नास जणांसमोर उभे राहून सांगायला लावले, की त्याच्या घशाला कोरड पडते. किस्सा तोच असतो आणि सांगणाराही तोच असतो. फरक एवढाच, की मघाशी सगळे एकमेकांकडे पाहत होते आणि आता सगळे त्याच्या एकट्याकडे पाहत असतात. या अवस्थेसाठी मराठीत ‘सभाकंप’ असा नेमका शब्द आहे, आणि ज्याला तो होत नाही त्याला आपण ‘सभाधीट’ म्हणतो. यातला दुसरा शब्द मात्र थोडा फसवा आहे, कारण धीट माणसाला भीती वाटतच नाही अशी समजूत त्यातून होते. रोमचा नामवंत वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व 55 मध्ये वक्तृत्वावर एक संवादग्रंथ लिहिला. त्यात क्रॅसस या तितक्याच मोठ्या वक्त्याच्या तोंडी त्याने अशी कबुली घातली आहे, की भाषणाच्या आरंभी आपला चेहरा पांढरा पडतो आणि सर्वांगाला कंप सुटतो. भीती वाटणे आणि बोलता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गाठ सोडवणे हेच यातले खरे काम आहे.

या विषयावर बोलताना ‘लोक मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतात’ हे वाक्य हमखास ऐकवले जाते. त्याचा उगम 1973 च्या एका अमेरिकी पाहणीत आहे. तिच्यात लोकांपुढे भीतीदायक गोष्टींची यादी ठेवून, त्यांतल्या ज्या आपल्याला लागू पडतात त्या सगळ्यांवर खूण करायला सांगितले होते. समूहासमोर बोलण्यावर 41 टक्के लोकांनी खूण केली आणि मृत्यूवर 19 टक्के लोकांनी. यावरून भाषणाची भीती अधिक लोकांना वाटते एवढेच कळते; ती मृत्यूच्या भीतीहून मोठी असते, हे कळत नाही. 2012 साली अमेरिकी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दोन्ही पद्धतींनी विचारला गेला. तेव्हा अनेक खुणांच्या यादीत भाषण पुढे होते, पण ‘सर्वांत मोठी भीती कोणती’ असे एकच उत्तर मागितल्यावर मृत्यूने पहिला क्रमांक घेतला. ते वाक्य टाळ्या घेणारे असले, तरी घाबरलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. सभाकंप अतिशय सर्रास आढळतो, एवढी माहिती त्याला पुरेशी आहे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इशारा देतो आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास या प्रतिक्रियेचे जे वर्णन केले, ते आज ‘लढा किंवा पळा’ या नावाने सर्वज्ञात आहे. सभाकंपाचे प्रत्येक लक्षण या एकाच तयारीचा तुकडा आहे. हातापायांच्या मोठ्या स्नायूंना रक्त पुरवायचे म्हणून हृदय जोरात धडधडते. पचनाचे काम त्या घटकेला बिनमहत्त्वाचे ठरते, म्हणून पोटात गोळा येतो, आणि लाळ कमी व घट्ट होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. आपल्या सर्वांच्या हातांना एरवीही अतिशय सूक्ष्म कंप असतोच. ॲड्रेनलिन तो वाढवते इतकेच. स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात आणि आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागतो. श्वास भरभर आणि छातीच्या वरच्या भागातून चालू राहिला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोके हलके वाटते आणि बोटांना मुंग्या येतात. शेवटच्या लक्षणामुळे ‘आता मी बहुतेक कोसळणार’ असे वाटू लागते, पण तो नुसत्या श्वासाच्या गतीचा परिणाम असतो. ही सगळी यंत्रणा ठणठणीत असल्याची लक्षणे आहेत. फक्त ती अशा प्रसंगी चालू झाली आहे, जिथे पळायचेही नाही आणि लढायचेही नाही.

समोर बसलेल्या माणसांच्या हातात काठ्या नसताना मेंदूला धोका का वाटावा, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर शोधताना एका चाचणीची गोष्ट सांगणे भाग आहे. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. माणसाला थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग परीक्षकांसमोर उभे करून ‘या नोकरीला मी कसा योग्य आहे’ यावर पाच मिनिटे बोलायला लावायचे, आणि लगेच पुढची पाच मिनिटे 1022 या संख्येतून तेरा-तेरा वजा करत जायला सांगायचे; चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांना एक सक्त सूचना असते: चेहऱ्यावर काहीही दाखवायचे नाही, मान डोलवायची नाही, हसायचे नाही. एवढ्यानेच त्या माणसाच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण दुप्पट ते चौपट होते. ताणावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आजही जगभर हीच चाचणी वापरतात. पुढे 2004 साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा 208 प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. नुसते काम अवघड असण्याने कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही, असे त्यांना दिसले. ते सर्वाधिक वाढते ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर. एक म्हणजे इतर माणसे आपले मूल्यमापन करत आहेत ही जाणीव, आणि दुसरी म्हणजे परिस्थिती आपल्या हातात नाही ही भावना. भाषणात या दोन्ही गोष्टी आयत्याच हजर असतात. माणूस हा कळपाच्या आधाराने जगलेला प्राणी आहे आणि कळपात आपली पत घसरणे हा त्याच्यासाठी खराखुरा धोका होता. समोरचा निर्विकार चेहरा आपला मेंदू त्याच हिशेबात वाचतो.

इथपर्यंतची गोष्ट शरीराची झाली, पण सभाकंप टिकवून धरतो तो आपल्या लक्षाचा रोख. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली सामाजिक भयाची जी मांडणी केली, तिचा गाभा असा, की घाबरलेल्या माणसाचे लक्ष श्रोत्यांवरून उडून स्वतःवर येते. आपला आवाज कापतो आहे, चेहरा लाल झाला आहे, हे तो आतून टिपत राहतो, आणि आतून जे जाणवते त्यावरूनच बाहेरून आपण कसे दिसत असू याचे चित्र मनाशी रंगवतो. ते चित्र बहुतेक वेळा भडक असते. त्यातच बोलण्यासाठी लागणारी स्मरणशक्ती त्या पहाऱ्यात खर्ची पडते, म्हणून पाठ असलेले वाक्यसुद्धा ऐन वेळी सापडत नाही.

याचा मला चांगलाच अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी चाळीसेक सहकाऱ्यांसमोर एक अहवाल मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी सगळे भाषण शब्दशः लिहून पाठ केले होते. तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आले, की हातातल्या कागदाचा वरचा कोपरा फडफडतो आहे. त्या कोपऱ्याकडे मी पाहिले आणि चौथे वाक्य डोक्यातून साफ पुसले गेले. मी पेला उचलला, पाणी प्यायले, कागद मेजावर ठेवला आणि त्यात वाक्य शोधले. हे सगळे मला किमान दोन मिनिटांचे वाटले आणि संपूर्ण सभागृहाने माझी फजिती पाहिली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळी धीर करून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारले, ‘मी मध्ये अडकले ते फार वाईट दिसलं का?’ तो म्हणाला, ‘कधी? तुम्ही पाणी प्यायला थांबला होतात तेव्हा?’

त्याचे उत्तर मनधरणीचे नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी एका संशोधनाबद्दल वाचताना कळले. आपल्या आत चाललेली खळबळ बाहेरून स्पष्ट दिसते, असे माणसाला वाटत असते. मानसशास्त्रज्ञ याला पारदर्शकतेचा भ्रम म्हणतात. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 साली दाखवले, की भाषण करणारे विद्यार्थी स्वतःला जितके घाबरलेले दिसलो असे समजतात, त्याच्या मानाने श्रोत्यांना ते बरेच कमी घाबरलेले दिसतात. त्यांनी पुढे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. काही विद्यार्थ्यांना त्यांनी भाषणापूर्वी नुसता धीर दिला आणि काहींना या भ्रमाची माहिती समजावून सांगितली. माहिती मिळालेल्यांची भाषणे त्यांना स्वतःलाही बरी वाटली आणि ऐकणाऱ्यांनाही. ‘घाबरू नका’ या शब्दांनी जे होत नाही, ते ‘तुमची भीती दिसत नाही’ या साध्या वस्तुस्थितीने काही प्रमाणात होते. म्हणूनच ‘मी जरा घाबरलोय, सांभाळून घ्या’ अशी प्रस्तावना करू नये, असे माझे मत आहे. जे श्रोत्यांना दिसलेच नसते, ते आपण बोट दाखवून दाखवतो.

भाषणाच्या आधीचा अर्धा तास कसा काढावा, यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे आणि त्यांतला सर्वांत निरुपयोगी सल्ला म्हणजे ‘शांत हो’. धडधडणारे हृदय हुकमाने शांत होत नाही, आणि ते होत नाही म्हणून आणखी धास्ती वाटते. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असे मोठ्याने म्हणायला लावले आणि काहींना ‘मी उत्साहात आहे’ असे. दुसऱ्या गटाची भाषणे परीक्षकांना अधिक प्रभावी वाटली, आणि गंमत म्हणजे त्या गटाची धास्ती कमी झालेली नव्हती. भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीराची अवस्था जवळपास सारखीच असते, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाणे हे उकळत्या पाण्याला गार करण्यापेक्षा सोपे जाते. श्वासाचा उपयोग मात्र खरा आहे आणि त्यामागे साधे कारण आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने ती कमी होते. म्हणून चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा-सात अंक मोजत सावकाश सोडावा. असे दोन-तीन मिनिटे केले तरी फरक जाणवतो. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगणारे लोक नेमका सोडण्याचा भाग सांगायला विसरतात.

भीतीचा आलेख माहीत असणे हेही तयारीचेच अंग आहे. बहुतेकांच्या हृदयाची गती बोलायला सुरुवात करतानाच्या क्षणी शिगेला पोहोचते आणि पहिल्या एक-दोन मिनिटांनंतर उतरू लागते. रक्तातील ॲड्रेनलिनही काही मिनिटांतच निम्म्यावर येते, अट एवढीच, की आपण नव्या धास्तीने त्यात भर घालू नये. यावरून तयारी कुठे जास्त करायची ते ठरते. संपूर्ण भाषण पाठ करणे ही माझ्या मते सर्वांत धोकादायक तयारी आहे, कारण पाठांतर साखळीसारखे असते. एक कडी निसटली की पुढचे सगळे गळून पडते. त्याऐवजी पहिली तीन-चार वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी पक्की करावीत, शेवटचे वाक्य ठरवून ठेवावे आणि मधल्या भागाचे केवळ मुद्दे पक्के करावेत. मी आता तळहाताएवढ्या जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर ठळक अक्षरांत पाच-सहा शब्द लिहून नेते. पातळ मोठा कागद हाताचा बारीकसा कंपही वाढवून दाखवतो, कार्ड दाखवत नाही. पेल्यात पाणी निम्मेच असावे, म्हणजे उचलताना सांडण्याची धास्ती राहत नाही. आणि सराव मोठ्याने, उभे राहून करावा. मनातल्या मनात केलेल्या उजळणीत जीभ कधीच अडखळत नाही, त्यामुळे कुठे अडखळणार हेही कळत नाही.

तरीही एका भाषणाची तयारी कितीही चांगली केली, तरी सभाकंप कमी होतो तो पुन्हा पुन्हा बोलण्यानेच. यातली मेख टाळण्यात आहे. कोणी बोलायला बोलावले आणि आपण काही कारण काढून नकार दिला, की त्या क्षणी फार मोकळे वाटते. आणि हेच मोकळे वाटणे मेंदूला शिकवते, की धोका खरा होता आणि आपण त्यातून सुटलो. पुढचा नकार अधिक सोपा होतो, पुढची भीती अधिक मोठी. जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली भीतीच्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत मांडली. 1966 साली गॉर्डन पॉल यांनी ती भाषणाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवरच तपासली आणि भीतीची मुळे शोधत बोलत बसण्याच्या उपचारापेक्षा ती अधिक परिणामकारक ठरली. आपण का घाबरतो, लहानपणी वर्गात कोण हसले होते, हे खणत बसण्यात रस वाटू शकतो. पण भीती उतरवण्यासाठी ते आवश्यक नाही.

पायऱ्या ज्याच्या त्याने ठरवायच्या असतात. एखाद्याने बैठकीत एकच प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करावी, मग दुसऱ्याचा परिचय करून देण्याचे काम अंगावर घ्यावे, मग दोन मिनिटांचे निवेदन, मग दहा मिनिटांचे. पायरी इतकी सोपी नसावी की काहीच वाटू नये आणि इतकी उंच नसावी की पळून यावेसे वाटेल. दोन प्रयत्नांमध्ये सहा महिने जाऊ देऊ नयेत, कारण तेवढ्यात भीती पुन्हा घर करते. प्रत्येक वेळी जाण्याआधी, काय वाईट घडेल असे वाटते ते एका ओळीत लिहून ठेवावे, ‘सगळे हसतील’, ‘मध्येच सगळे विसरेन’, आणि परत आल्यावर काय घडले ते त्याच ओळीखाली लिहावे. कुबड्याही ओळखता आल्या पाहिजेत: मान खाली घालून शब्द न् शब्द वाचणे, पटापट बोलून मोकळे होणे, कोणाच्याही डोळ्यांत न पाहणे. यांनी प्रसंग निभावतो, पण निभावला तो कुबडीमुळे असा हिशेब मन करते, आणि शिकायचे ते राहूनच जाते. एका वेळी एक कुबडी सोडावी.

श्रोत्यांकडे कसे पाहावे, यावरही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांच्या डोक्यांवरून भिंतीकडे पाहण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण त्याने लक्ष परत स्वतःकडेच येते. एका चेहऱ्याकडे पाहून एक विचार पूर्ण सांगावा आणि मग दुसऱ्या चेहऱ्याकडे वळावे. असे केले की पन्नास जणांची सभा ही एकेकाशी चाललेल्या बोलण्याची रांग होते. प्रयोगातल्या त्या परीक्षकांसारखा निर्विकार चेहरा प्रत्येक सभेत एखादा असतोच. एकाग्रतेने ऐकणाऱ्या माणसाचा चेहराही बहुधा तसाच दिसतो, हे आपण स्वतः श्रोते असताना आरशात पाहिले तर कळेल. देहबोलीच्या धास्तीने अर्धमेले झालेल्यांसाठी आणखी एक गोष्ट: संवादात शब्दांचा वाटा केवळ 7 टक्के असतो, हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या ज्या प्रयोगांवरून घेतला जातो, त्यांत सुटे शब्द ऐकवून त्यामागची आवड-नावड ओळखायला सांगितली होती. विषय समजावून सांगणाऱ्या भाषणाला तो लावणे चूक आहे. हात कुठे ठेवू या विवंचनेपेक्षा दुसरा मुद्दा स्पष्ट झाला का, ही विवंचना अधिक कामाची आहे.

काही जणांचा त्रास या सगळ्याच्या पलीकडचा असतो. भाषणाच्या भीतीपायी नोकरीतली बढती नाकारणे, शिक्षण अर्धवट सोडणे, आठवडे-आठवडे आधीपासून झोप न लागणे, असे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालले असेल, तर तो सामाजिक भयविकार असू शकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या वर्गीकरणात, केवळ लोकांसमोर बोलण्या-सादर करण्यापुरती मर्यादित भीती हा त्याचा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. त्यावर मानसोपचार आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांचा वापरही होतो. वादकांच्या मंचभयावर अशा एका औषधाचा परिणाम 1977 मध्येच तपासला गेला होता. ही औषधे ॲड्रेनलिनची वाट अडवून धडधड आणि थरथर कमी करतात, मनातले विचार बदलत नाहीत. दमा असलेल्याला ती घातक ठरू शकतात, म्हणून मित्राने दिलेली गोळी भाषणाआधी परस्पर घेऊ नये.

राहता राहिली भाषणानंतरची रात्र. घाबरणारा माणूस अंथरुणावर पडल्या पडल्या सारे भाषण पुन्हा ऐकतो आणि त्यातल्या चुकाच तेवढ्या वेचतो. रॉनल्ड रापी आणि लीना लिम यांना 1992 मध्ये आढळले, की सामाजिक भय असलेले लोक आपल्या भाषणाला श्रोत्यांपेक्षा बरेच कमी गुण देतात. यावर उतारा म्हणून ध्वनिचित्रमुद्रण पाहावे, पण त्याच रात्री नव्हे. दोन-तीन दिवसांनी, आणि एखाद्या अनोळखी माणसाचे भाषण पाहतो आहोत अशा बेताने. माझ्या त्यानंतरच्या एका भाषणाचे मुद्रण मी असे पाहिले. हात कापत होते हे मला पक्के आठवत होते, ते कुठेही दिसले नाही. दिसले ते वेगळेच: पंधरा मिनिटांपैकी निम्मा वेळ मी उजवीकडच्या उघड्या खिडकीकडे तोंड करून बोलत होते आणि डाव्या बाजूच्या लोकांना माझी पाठ दिसत होती. पुढच्या वेळी मी दहा मिनिटे आधी जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला.